परमगुरू, वाम आणि वेर्नाच्या

इटलीतील सान जिमिन्यानो नगरीच्या टेकड्यांवर वेर्नाच्या हे पांढरे द्राक्षासव तेराव्या शतकापासून होत आले आहे. फिक्या गवती रंगाच्या या कोरड्या मद्याची चव शेवटी बदामासारखी किंचित कडवट लागते. मासळीशी त्याचा मेळ चांगला बसतो.

हा मेळ एका परमगुरूंना भोवला. पोप मार्टिन चौथे (१२८१–८५) यांना बोल्सेना सरोवरातील वाम आणि वेर्नाच्या यांचा मोह आवरला नाही, म्हणून महाकवी दान्तेने आपल्या महाकाव्यात त्यांना उपवास घडवला. परंतु शुद्धिस्थानात, नरकात नव्हे.

आम्हांस हा भेद मोलाचा वाटतो. जो द्राक्षारस आम्ही वेदीवर अर्पितो, तो मेजावर दोषी कसा ठरेल? दोष हावेचा, आणि तिच्यातून सुटकेची वाट कवीने पोपमहोदयांसाठीही खुली ठेवली.