व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधील अनियमित फटफट

घरी जोडलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या स्पीकरमधून, गाणे चालू असो वा नसो, मधूनच येणारा ‘फट्’ किंवा ‘टप्प’ असा आवाज. तो लागोपाठ दोनतीनदा येतो आणि मग तासभर येत नाही. जाणकाराला मुद्दाम बोलावले की हमखास गप्प बसतो. सतत ऐकू येणारी घरघर (हम) किंवा सूंसूं शोधणे त्यामानाने सोपे, कारण दोष जागेवर थांबलेला असतो. फटफटीत दोष क्षणभर होतो आणि मीटरची टोके लावेपर्यंत सगळे सुरळीत झालेले असते. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात या दोषाला खाडीकाठची दमट हवा, सोसायट्यांमधील पंप-लिफ्टची वीज आणि जुन्या बाजारातून आणलेले सुटे भाग यांची जोड मिळते. त्यामुळे परदेशी पुस्तकांत सांगितलेला शोधाचा क्रम येथे थोडा बदलावा लागतो.

व्हॉल्व्हचा या परिसराशी संबंध जुना आहे. मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यात होता. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने (बीईएल) १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले. ‘बीईएल’ छापाचे व्हॉल्व्ह आजही जुन्या रेडिओंतून व दुकानांच्या पडून राहिलेल्या मालातून मिळतात. नवे सामान घ्यायचे तर डोंबिवलीकर लोकलने दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोड गाठतो. हौशी मंडळी बहुधा ईसीसी ८३ हा दुहेरी ट्रायोड पुढे आणि ईएल ८४ हा पेंटोड शेवटी अशी रचना करतात. मलार्ड कंपनीने १९५० च्या दशकात प्रसिद्ध केलेले ‘५-१०’ हे पाच व्हॉल्व्हचे, दहा वॉटचे मंडलही अजून जोडले जाते. या नोंदीतील उदाहरणे अशाच मंडलांतील आहेत.

आवाजाची ओळख : सेकंदाला एक ते पाच अशा ठेक्यात येणारी पुटपुट हा वेगळा दोष आहे. त्यात एच.टी.च्या (हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हना पुरवलेल्या उच्च डीसी व्होल्टेजच्या) वाटेने शेवटच्या टप्प्याचा संदेश पहिल्या टप्प्यात परत शिरतो. तेथील डीकपलिंग कंडेन्सर कोरडा पडलेला असतो, तो बदलला की पुटपुट थांबते. चालू-बंद करताना येणारा एखादा फट् हा दोषच नाही. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर येत असेल तर पॉट (बटणामागचा बदलता रेझिस्टन्स) घाणेरडा झालेला असतो, किंवा त्याच्या आधीचा कंडेन्सर गळून पॉटवर डीसी व्होल्टेज आलेले असते. यांपैकी काहीही नसताना, ठेका नसलेला व मोठा-लहान होणारा फट् येतो, तो या नोंदीचा विषय.

सुरक्षितता : अशा ॲम्प्लिफायरमध्ये २५० ते ४५० व्होल्ट डीसी असते आणि वीज बंद केल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये साठून राहते. घरातील आरसीसीबीवर येथे मुळीच विसंबू नये. एच.टी.चे वेटोळे ट्रान्सफॉर्मरने मेनपासून अलग झालेले असते, त्यामुळे एच.टी. व चेसिस यांच्यामध्ये हात सापडला तरी आरसीसीबी पडत नाही. फिल्टर कंडेन्सरवर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टन्स कायमचा जोडावा. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३५० व्होल्टवरून ५० व्होल्टच्या खाली यायला त्यामुळे सुमारे ४५ सेकंद लागतात. तरीही मीटरने मोजल्याशिवाय आत बोट घालू नये. चालू सेटमध्ये काम करताना एक हात खिशात ठेवण्याची जुन्या मेकॅनिकांची सवय आजही तितकीच उपयोगी आहे. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर १०० वॉटचा तारेचा बल्ब लावावा. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मात्र बल्ब सिरीजमध्ये असताना घेतलेली व्होल्टेजची मापे खरी धरू नयेत. स्पीकर काढून ॲम्प्लिफायर चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की प्रायमरीत मोठे व्होल्टेज उसळते आणि ज्या ठिणगीचा शोध चालला आहे तिला आपणच जागा करून दिल्यासारखे होते.

जागा शोधणे : पहिली चाचणी फुकट आहे. व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. फट् थांबला तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे इनपुटचा टप्पा, सॉकेट किंवा वायर यांत आहे. तेवढ्याच जोराने चालू राहिला तर तो पुढे आहे. यानंतर पुस्तके एकेक व्हॉल्व्ह काढून पाहायला सांगतात. टप्पे कंडेन्सरने जोडलेले असतील व हीटर समांतर असतील तर, वीज बंद करून, ते जरूर करावे. पण मलार्ड ‘५-१०’मध्ये ईएफ ८६ चा ॲनोड ईसीसी ८३ च्या ग्रिडला थेट जोडलेला असतो. ईएफ ८६ काढला की ते ग्रिड एच.टी.कडे उसळते, त्यामागून कॅथोडही वर जातो आणि हीटर व कॅथोड यांच्यामधील पातळ आवरणावर ताण येतो. ईसीसी ८३ ला तेथे जास्तीत जास्त १८० व्होल्ट चालतात. अशा मंडलात व्हॉल्व्ह जागेवर ठेवून, वीज बंद असताना, ०.४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा कंडेन्सर ग्रिड व चेसिस यांच्यामध्ये क्लिपने लावावा आणि मग सेट चालू करून ऐकावे. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपासून सुरुवात करून मागे यावे. दोन्ही ईएल ८४ ची ग्रिडे अशी बांधूनही फट् येत असेल तर आउटपुटचा टप्पा, ट्रान्सफॉर्मर किंवा वीजपुरवठा यांपैकी कोणीतरी दोषी आहे. पुश-पुल मंडलात दोन्ही बाजूंना सारखाच बसणारा एच.टी.चा धक्का आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बराचसा रद्द होतो. म्हणून अशा सेटमधला मोठा फट् बहुधा एकाच बाजूचा असतो, ही सूचना शोधाचे निम्मे काम वाचवते.

कारणे : या परिसरात पहिला संशय डागांवर, म्हणजे सोल्डरच्या जोडांवर, घ्यावा. कच्चा डाग, म्हणजेच ड्राय सोल्डर, बाहेरून चकचकीतही दिसू शकतो. चेसिस तापले की पत्रा, टॅग आणि तार वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात व केसाएवढी फट उघडते. म्हणून ‘वीस मिनिटांनी सुरू होते’ ही तक्रार ऐकली की आधी सोल्डरिंग पाहावे. त्यासाठी बांबूची कोरडी काडी घेऊन चालू सेटमधील एकेक डाग, टॅग आणि कंडेन्सरचे पाय हलकेच दाबावेत. ओली काडी, पेन्सिल किंवा स्क्रू-ड्रायव्हर चालणार नाही. पेन्सिलीतील शिसे वीज वाहून नेते. जेथे काडी लागताच फट् येतो त्याच्या आसपासचे सगळेच डाग पुन्हा द्यावेत, कारण धक्का शेजारच्या टॅगपर्यंत पोचतो आणि पहिला संशयित अनेकदा निर्दोष निघतो.

याच वर्गातील दुसरे कारण म्हणजे डबीतील सोल्डर पेस्ट. नवशिका मनुष्य डाग लवकर बसावा म्हणून ती सढळ हाताने लावतो. उन्हाळ्यात काही होत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की बेसच्या पिनांमध्ये उरलेली पेस्ट पाणी ओढून घेते, ३०० व्होल्टखाली गळती सुरू होते, मग बारीक ठिणगी आणि हळूहळू काळी रेघ. ईएल ३४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या आठ पिनांच्या बेसमध्ये ही रेघ बहुधा २ व ३ या पिनांमध्ये दिसते, कारण २ वर हीटर आणि ३ वर ॲनोड शेजारी-शेजारी असतात. अंधारात पाहिल्यास ठिणगीची निळसर चमक दिसते. जळलेले बेकेलाइट किंवा हायलम शीट खरवडून फारसा उपयोग नसतो. कोळसा झालेला भाग वीज वाहतच राहतो. बेस बदलावा. ईएल ८४ च्या १, ६ आणि ८ या पिनांना बाहेरून काही जोडायचे नसते. त्या रिकाम्या समजून टॅगसारख्या वापरणे ही घरगुती सेटमधील नेहमीची चूक आहे. डागांसाठी राळेचा गाभा असलेली ६०/४० ची तार वापरावी, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल व ब्रशने धुवावी आणि सेट पूर्ण कोरडा झाल्यावरच चालू करावा.

कपलिंग कंडेन्सर गळका असेल तर आधीच्या ॲनोडचे डीसी पुढच्या ग्रिडवर येते. परीक्षा अशी : दोन्ही ईएल ८४ काढावेत, सेट चालू करावा आणि बेसच्या पिन क्र. २ वर चेसिसच्या तुलनेत डीसी मोजावे. तेथे शून्य हवे. ग्रिडचा रेझिस्टन्स ४७० किलोओहमचा असताना १ व्होल्ट दिसला तर कंडेन्सरमधून सुमारे २ मायक्रोअँपिअर गळत आहेत, आणि तो टाकून देण्याच्याच लायकीचा आहे. जुन्या रेडिओतून काढलेले मेण-कागदी कंडेन्सर आवाजाच्या ‘गोडव्या’साठी वापरण्याची हौस असते. आपल्या हवेत ती महागात पडते. ४०० किंवा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर घ्यावा.

वीजपुरवठ्यातील फट् हिशेबाने सापडतो. २५०-०-२५० चा ट्रान्सफॉर्मर आणि १एन ४००७ डायोड असतील तर व्हॉल्व्ह तापेपर्यंतच्या काही सेकंदांत कंडेन्सरवर २५० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ३५४ व्होल्ट येतात. रात्री भार कमी झाल्यावर घरातील वीज २३० ऐवजी २५० व्होल्ट झाली की हाच आकडा ३८४ वर जातो. अशा जागी ३५० व्होल्टचा कंडेन्सर बसवला असेल तर त्याच्या आत बारीक ठिणग्या पडतात, तो स्वतःला सावरतो आणि पुन्हा फुटतो. स्पीकरमधून ऐकू येतो तो हाच प्रकार. ४५० व्होल्टचा घ्यावा, किंवा डायोडऐवजी ईझेड ८१ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह लावावा. तो हळू तापत असल्याने एच.टी. व्हॉल्व्हच्या सोबतीने चढते.

ॲनोडवरचे जुने कार्बन रेझिस्टन्स हेही आवाजाचे घर आहे. १०० किलोओहमचा रेझिस्टन्स मीटरवर १३०-१४० दाखवू लागला की मेटल फिल्मचा, १ वॉटचा बसवावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गल्लीतील वायंडिंगवाल्याकडून करून घेतला असेल तर वार्निश नीट भिनले आहे का, हे विचारावे. अन्यथा ओल आत शिरून बारीक तारेवर हिरवा डाग पडतो व तार तुटण्याआधी बरेच दिवस फटफट देते.

व्हॉल्व्ह स्वतः दोषी असतो, पण समजतात तितक्या वेळा नाही. स्टीरिओ सेटमध्ये डावा-उजवा बदलून पाहावा. फट् व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर संशय संपला. काचेच्या टोकाचा चंदेरी लेप पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. व्हॉल्व्हच्या पिना आणि बेसमधील पकड यांच्यातील गंज व सैलपणा मात्र आधी तपासावा. अल्कोहोलने पुसून, सुईने पकड जराशी आवळली की ‘खराब’ ठरवलेला व्हॉल्व्ह पुष्कळदा बरा होतो. आधी व्हॉल्व्ह विकत घेण्याचा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये.

मेनमधून येणारा फट् : सोसायटीच्या पाण्याचा पंप, लिफ्ट, फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि चोक-स्टार्टरची ट्यूबलाइट चालू-बंद होताना तारेतून झटका येतो. फट् आल्याची वेळ वहीत लिहीत जावी. पंपाच्या वेळेशी ती जुळली तर चेसिस उघडण्याचे कारण उरत नाही. मेनवर ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ वर्गातील कंडेन्सर लावावा, ईसीसी ८३ च्या ग्रिडला १० व ईएल ८४ च्या ग्रिडला ४.७ किलोओहमचे रेझिस्टन्स पिनेलगत द्यावेत आणि तीन पिनांच्या प्लगातील अर्थ खरोखर जोडलेली आहे याची खात्री करावी. दिवा, ठाकुर्ली येथे रुळांलगत राहणारे लोकलच्या पेंटोग्राफवरील ठिणगीला दोष देतात. मीडियम वेव्ह रेडिओवर ती कडकडते हे खरे. पण धातूच्या चेसिसमधील, शील्ड केबल वापरलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये ती शिरत असेल तर आधी आपली अर्थ आणि इनपुटची जोडणी तपासावी.

सांगितलेला क्रम, म्हणजे व्हॉल्यूम, डाग, बेस, कपलिंग कंडेन्सर, फिल्टर आणि शेवटी व्हॉल्व्ह, हा खर्चाच्या चढत्या क्रमाशीही जवळपास जुळतो. दुरुस्ती झाली असे वाटल्यावर सेट सलग चार-पाच तास, शक्यतो पावसाळी संध्याकाळी, चालवून पाहावा आणि एकही फट् आला नाही तरच तळाचा पत्रा बसवावा.