आधी लांब, मग जवळ

कालिदासाच्या शाकुंतलात दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला विदूषक येतो तो कुरकुरतच. राजाला शिकारीचा नाद आणि याची फरफट. झाडांची पानं पडून कडवट झालेलं डोंगरी ओढ्यांचं पाणी प्यायचं, जेवणाला वेळकाळ नाही, आणि जेव्हा मिळतं तेव्हा बहुतेक शूळावर भाजलेलं मांस. झोपही पुरी होत नाही. ज्यांनी पंधरा-वीस दिवसांची एक्सरसाइज काढली आहे, त्यांना हा माणूस आपल्याच प्लाटूनमधला वाटेल.

त्या मांसाला संस्कृतात नाव आहे शूल्य. पाणिनीनं शूळावर भाजलेलं ते शूल्य आणि उखेत, म्हणजे हंडीत, शिजवलेलं ते उख्य, हे दोन्ही शब्द एकाच सूत्रात बसवले आहेत. अमरकोशातही ही जोडी शेजारी-शेजारी आहे. मांस करण्याच्या या दोन वाटा दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इतक्या वेगळ्या मानल्या जात होत्या की व्याकरणाला त्यांची दखल घ्यावी लागली. गंमत म्हणजे आज हॉटेलात ज्याला 'स्टेक' म्हणतात तो इंग्रजी शब्दही उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, आणि मुळात त्याचा अर्थ काठीवर खोचून भाजलेलं मांस असाच होता. आपला सूळ आणि त्यांचा स्टेक, दोघांचं काम एक.

हे सगळं काढण्याचं कारण एक जुना वाद आहे. मेसमध्ये कोर्स करून आलेला एक हवालदार कूक होता. त्याच्या वहीत पहिलं वाक्य असं: मांस आधी कडकडीत तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी चटकवा, म्हणजे रस आत कोंडला जातो. दुसरा होता लंगरचा म्हातारा उस्ताद. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, कोर्स एकही नाही. तो मांस आधी निखाऱ्यांपासून लांब धरायचा, फिरवत राहायचा, वरून तूप सोडायचा आणि अगदी शेवटी खाली आणून करपल्यासारखा रंग चढवायचा. वहीवाला म्हणायचा, उस्ताद उलटं करतात. उस्ताद काहीच म्हणायचे नाहीत. बडाखान्याला कोणाचं आधी संपायचं ते सगळे बघायचे.

वहीतलं ते वाक्य आलं कुठून, हे शोधायला गेलो तर वाट थेट जर्मनीत गेली. युस्टुस फॉन लिबिग हा एकोणिसाव्या शतकातला फार मोठा रसायनशास्त्रज्ञ. शेतकऱ्याच्या घरच्या जवानांना तो दुसऱ्या कारणानं माहीत असायला हवा: जे खत सगळ्यात कमी पडतं त्यावर पीक अडतं, हा नियम त्याच्याच नावानं ओळखला जातो. 1847 साली त्यानं मांसाच्या रसायनावर पुस्तक काढलं. त्यात म्हटलं की मांस एकदम उकळत्या पाण्यात टाकलं की वरचं प्रथिन गोठतं, त्याचं कवच तयार होतं आणि आतला रस आतच राहतो. मूळ मुद्दा उकडण्याचा होता. लोकांनी तो भाजण्यालाही लावला. नाव एवढं मोठं की इंग्लंडमधल्या स्वयंपाकाच्या पुस्तकांनी त्यापाठोपाठ आपल्या रीती बदलल्या, आणि पुढे फ्रान्सच्या एस्कॉफिएनेही हेच मान्य केलं. एस्कॉफिएनं मान्य केलं म्हणजे जगभरच्या हॉटेल-शाळांनी मान्य केलं. तिथून ते आमच्या हवालदाराच्या वहीत उतरलं.

पण लिबिगच्या आधी युरोपातले आचारी काय करत होते? बहुतेक जण उस्तादांसारखंच. मोठा तुकडा आगीपासून दूर ठेवायचा, कधी तूप-चरबी लावलेला कागद गुंडाळायचा, हळूहळू आतपर्यंत उब पोचू द्यायची आणि शेवटी कागद काढून जवळ नेऊन तांबूस करायचा. पिढ्यान्‌पिढ्यांची ही रीत एका पुस्तकानं उलटी केली.

लिबिगच्या नावाशी आपला, म्हणजे फौजी लोकांचा, आणखी एक संबंध आहे. त्याच्याच कृतीवरून मांसाचा अर्क बनवणारी कंपनी 1865 साली लंडनमध्ये उभी राहिली. कारखाना मात्र होता दक्षिण अमेरिकेत, उरुग्वेमधल्या फ्राय बेंटोसला. साधारण तीस किलो मांस आटवून एक किलो काळा घट्ट अर्क निघायचा. पोषण म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पुढे कळलं की त्यात चव भरपूर पण पोषण थोडं. त्याच गावातून डबाबंद मांस पहिल्या महायुद्धात खंदकांत पोचलं. 1917 च्या ऑगस्टमध्ये ईप्रच्या चिखलात एक ब्रिटिश रणगाडा रुतला आणि आतले लोक दोन दिवसांहून जास्त काळ गोळीबारात अडकून पडले. त्या रणगाड्याचं नाव 'फ्राय बेंटोस'. डब्यातल्या मांसासारखे आत कोंबलेले आपण, असा त्यातला विनोद. फौजी विनोद सगळीकडे एकाच जातीचा.

तर, रस कोंडला जातो का? नाही. 1930 च्या दशकात अमेरिकेत मांसाचं आधी-नंतर वजन करून पाहिलं गेलं, आणि चटका दिलेल्या मांसानं रस जास्त राखला असं काही दिसलं नाही. 1984 साली हॅरॉल्ड मॅक्गी यांनी आपल्या पुस्तकात हे नीट मांडलं, तेव्हा कुठे आचाऱ्यांपर्यंत बातमी गेली. प्रयोगशाळेचीही गरज नाही. तव्यावर मांस टाकल्यावर जो चर्रर्र आवाज येतो, तो पाण्याची वाफ होण्याचा आवाज. चटका देऊन झाल्यावरही तो थांबत नाही. कवच जर पाणी अडवत असतं तर तवा गप्प झाला असता. आम्ही क्वार्टरच्या स्वयंपाकघरात काट्यावर सारख्या वजनाचे चाप तोलून दोन्ही रीतींनी केले. आधी चटकवलेले थोडे हलकेच भरले.

मग चटका द्यायचाच कशाला? चवीसाठी. मांसाचा पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण 140 अंशांच्या वर गेला की प्रथिनं आणि साखर यांच्यातून तो तांबूस रंग, तो वास तयार होतो. लुई-कामीय मायार या फ्रेंच माणसानं 1912 साली या क्रियेचं पहिलं वर्णन केलं. ओलं मांस शंभराच्या पुढे जात नाही, कारण सगळी आच पाणी उडवण्यात खर्च होते. म्हणून मांस पुसून कोरडं करणं हे तवा किती तापवला यापेक्षा महत्त्वाचं. आणि रस राहतो की जातो हे वरच्या कवचावर नाही, आतला भाग किती तापला यावर ठरतं. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे मांसाचे धागे आकसतात आणि ओलं फडकं पिळावं तसे पाणी बाहेर टाकतात.

हे एकदा समजलं की वेगवेगळ्या पोस्टिंगला पाहिलेल्या रीती नव्यानं कळायला लागतात.

राजस्थानात सुरतगडला होतो. शेजारीच कालीबंगा. सिंधू संस्कृतीच्या त्या गावात तंदूरसारख्या मातीच्या भट्ट्या सापडल्या आहेत. त्या भागातला 'सूला' म्हणजे शूल्याचाच वंशज. मांसाचे तुकडे दही, मिरची आणि काचरीत मुरवतात. काचरी म्हणजे वाळवंटातली रानकाकडीच्या जातीची लहान फळं. तिच्यात मांसाचे धागे तोडणारं द्रव्य असतं, आपल्या कच्च्या पपईसारखं. मग सळईवर खोचून निखाऱ्यावर. इथे लक्ष द्यायचं ते फिरवण्याकडे. स्टेक एकदाच उलटवायचा असा एक हॉटेली नियम आहे. सळईवाला मात्र सतत फिरवतो. वारंवार उलटवलेलं मांस लवकर आणि जास्त एकसारखं शिजतं, कारण कुठल्याच बाजूला फार वेळ आच लागत नाही. निखाऱ्याची आच अंतर वाढवलं की भराभर कमी होते, त्यामुळे दोन विटा वर-खाली करणं हाच त्याचा रेग्युलेटर. चरबी निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो तो वास तव्याला कधीच येणार नाही, हे मान्य करायला हवं. श्रीनगरला खय्याम चौकात 'तुज्ज' खाल्लेल्यांना हे सांगायला नको.

सिकंदराबादला पाहिला तो पत्थर का गोश्त. ग्रॅनाइटची जाड लादी, खाली निखारे, वर पातळ कापलेलं मटण. निजामाच्या शिकारीत सळया विसरल्या म्हणून दगडावर भाजलं अशी गोष्ट तिथे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, दगडाचं वागणं खरं आहे. तो तापायला फार वेळ घेतो, पण एकदा तापला की थंड मांस ठेवल्यावर लगेच विझत नाही. मात्र लोखंडापेक्षा आच सावकाश देतो. म्हणून तिथे काप पातळ असतात. त्या दगडावर जाड तुकडा ठेवला तर रंग येईपर्यंत आतलं सुकून जाईल.

लेहमध्ये वेगळाच धडा मिळाला. साडेतीन हजार मीटरवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण तव्याला आणि निखाऱ्याला उंचीची ती अडचण नाही. हवा इतकी कोरडी की मांसाचा पृष्ठभाग आपोआप सुकतो आणि रंग लवकर चढतो. उख्य अडतं, शूल्य चालतं. पाणिनीची ती जोडी मला खरी तिथे, बुखारीशेजारी बसून समजली.

आपल्या मुलखाशी जवळचा पुरावा हवा असेल तर मानसोल्लास आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातला ग्रंथ, ज्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे, तोच. त्यात भडित्रक म्हणून शूळावर भाजलेल्या मांसाचा प्रकार येतो. ओवी आणि शिगेवरचं मटण एकाच पोथीत, यापेक्षा मराठी माणसाला आणखी काय पाहिजे?

घरी करायचं तर माझं मत स्पष्ट आहे. फ्लॅटमध्ये निखारे पेटवता येत नाहीत, तेव्हा बिडाचा जाड तवा घ्या. नॉनस्टिक यासाठी नको, तेवढ्या आचेला ते बनलेलं नाही. चाप दोन बोटं जाड कापून घ्या, मीठ लावून रात्रभर उघडे फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे वरून सुकतील. मग ओव्हन असेल तर 120 अंशांवर, नसेल तर जाड पातेल्यात जाळीवर ठेवून झाकण लावून अगदी मंद आचेवर, आत गरम होऊ द्या. शेवटी तवा धूर निघेपर्यंत तापवा आणि प्रत्येक बाजूला मिनिटभर. अमेरिकेत 2000 नंतर ही रीत 'रिव्हर्स सीअर' या नावानं गाजली. रिव्हर्स कशाच्या उलट? लिबिगच्या. उस्तादांना हे नाव सांगितलं असतं तर ते नेहमीसारखे गप्प राहिले असते.

एक सावधगिरी. गाई-बैलाच्या स्टेकची कृती व्हिडिओत बघून ती बकऱ्याच्या मांडीला लावू नका. पाठीच्या कण्याजवळचं मांस फारसं राबत नाही, म्हणून ते झटपट भाजून मऊ राहतं. मांडी दिवसभर चालते, तिच्यातले चिवट पडदे विरघळायला तासन्‌तास सावकाश आच लागते किंवा काचरी-पपई लागते. आमच्या वयाच्या दातांसाठी मी पातळ पसंदे करून, चमचाभर कच्ची पपई लावून दोन तास ठेवतो. त्याहून जास्त नाही, नाहीतर मांसाचा लगदा होतो. आणि ते रस्सा करायला ठेवलेलं मटण असेल तर सरळ हंडीत टाका. उख्यालाही पाणिनीनं तितकीच जागा दिली आहे.