संगणक जागा कसा होतो : एका पेन ड्राइव्हचा पूर्वेतिहास



संगणक बंद असतो तेव्हां त्याची अवस्था मोठी चमत्कारिक असते. काम कसें करावें हें सांगणारी आज्ञावली त्याच्या तबकडीवर असते. परंतु तबकडी वाचावयाची म्हणजे तीहि आज्ञावलीच्याच साहाय्यानें वाचावयाची, आणि त्या वेळीं आंत कोणीच जागें नसतें. कुंभकर्णाला उठविण्याचें काम कुंभकर्णावरच सोंपवावें, तसा हा प्रकार. इंग्रजींत या कोड्याला बुटाच्या मागच्या चामडी पट्टीवरून नांव पडलें. आपल्याच बुटाची पट्टी ओढून आपणच आपल्याला वर उचलणें, असा त्यांतला भाव. त्यांतला 'बूट' तेवढा आज उरला आहे, आणि दुरुस्तीच्या दुकानांतला कारागीर 'मशीन बूट होत नाहीं' म्हणतो तेव्हां पायांतल्या जोड्याची त्याला आठवणहि नसते.

या विषयाकडे मी वळलों तो एका तालुक्याच्या गांवच्या वाचनालयामुळें. तेथील ग्रंथांची नोंदवही एका जुन्या संगणकावर होती आणि एके दिवशीं तो संगणक उठेना. शेजारच्या मेजावर देणगीदाखल आलेला नवा संगणक होता. जुन्यांतल्या नोंदी नव्यावर न्यावयाच्या, एवढेंच काम. कागदी नोंदवह्या पावसांत भिजून गेलेल्या. तेव्हां या नोंदी गेल्या असत्या तर हजारों पुस्तकें पुन्हा एकेक हातांत घेऊन लिहिण्यावांचून गति नव्हती. मीं घरून पेन ड्राइव्हवर लिनक्स उतरवून नेलें होतें. नव्या यंत्रानें तें तत्काळ ओळखलें. जुन्यानें काळ्या पडद्यावर एक निराशेची ओळ उमटविली व तें स्वस्थ बसलें. वस्तु एकच, मग एकाला ती दिसावी आणि दुसऱ्याला दिसूं नये, हें कां? याचें उत्तर शोधतांना मला पुष्कळ मागें जावें लागलें.

आरंभींच्या काळीं हें जागें करण्याचें काम माणूसच करी. १९७५ सालच्या आल्टेअर ८८०० या यंत्राच्या मालकाला दर्शनी फळीवरच्या कळा वर-खालीं करून पहिल्या आज्ञा स्वतःच्या बोटांनीं भराव्या लागत. आणि वीज गेली कीं पुन्हा श्रीगणेशा. १२ ऑगस्ट १९८१ या दिवशीं आय. बी. एम. कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला, त्यांत ही कटकट नव्हती. त्याच्या पटावरील एका न पुसणाऱ्या चिपेंत बायॉस नांवाची छोटी आज्ञावली कायमची कोरलेली होती. वीज येतांच ती प्रथम यंत्राचे अवयव तपाशी, मग तबकडीचा अगदीं पहिला कप्पा उचलून स्मृतींत एका ठरलेल्या जागीं ठेवी, आणि 'आतां पुढचें तूं पाहा' म्हणून कारभार त्याच्या स्वाधीन करी. हा कप्पा केवढा? ५१२ बाइट, म्हणजे इंग्रजी अक्षरें लिहिलीं तर एका पोस्टकार्डावर मावतील एवढींच.

१९८३ सालीं डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर हार्ड डिस्क आली आणि त्या पोस्टकार्डाची वांटणी झाली. पहिले ४४६ बाइट आज्ञांना, पुढचे ६४ बाइट डिस्कवरील विभागांच्या कोष्टकाला, आणि शेवटचे २ बाइट 'हा मजकूर खरा आहे' या खुणेला. कोष्टकांत प्रत्येक विभागाला १६ बाइट, म्हणून विभाग चारच. कप्प्यांचे क्रमांक लिहावयास ३२ बिटांचीच जागा, म्हणून सुमारें २२ खर्व... नव्हे, २२ निखर्व वगैरे शब्दांच्या भानगडींत न पडतां सांगतों, दोन टेराबाइटांपलीकडची डिस्क त्या कोष्टकाला समजतच नाहीं. ज्या काळीं १० मेगाबाइटांची डिस्क म्हणजे वैभव होतें, त्या काळच्या माणसांना याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल.

मध्यें सीडी आली. १९८८ सालीं सीडीवरील फायलींच्या मांडणीचें जें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें, त्यांत आरंभींची ३२,७६८ बाइटांची जागा कोणत्याहि कामाला न नेमतां मोकळी सोडलेली होती. ही मोकळी जागा ध्यानांत ठेवा. तिचें काम पुढें आहे. सीडीवरून यंत्र उठविण्याची रीत १९९५ मध्यें फिनिक्स व आय. बी. एम. यांनीं ठरविली; तिचें नांव 'एल टोरिटो'. कॅलिफोर्नियांतील त्या नांवाच्या एका उपाहारगृहांत हा बेत शिजला, म्हणून हें नांव, असें सांगतात. त्या रीतीनें सीडी हवें तर फ्लॉपीचें सोंग घेई, आणि बायॉस बिचारा फसे!

१९९६ सालीं यूएसबीचें प्रमाण प्रसिद्ध झालें. तें घडविणाऱ्या इंटेलमधील मंडळींत अजय भट्ट हे प्रमुख. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. २००० सालीं पेन ड्राइव्ह बाजारांत आला, तेव्हां त्यांत ८ मेगाबाइट मावत. जुन्या बायॉसांना या पाहुण्याला काय म्हणावें तेंच कळेना. कोणी त्याला फ्लॉपी समजे, कोणी झिप डिस्क, कोणी हार्ड डिस्क.

इकडे बायॉसची मुळेंच बदलण्याचें काम सुरू झालें होतें. इटानियम या प्रोसेसरसाठीं इंटेलनें नवी व्यवस्था रचली. २००५ मध्यें अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे ती गेली व यूईएफआय या नांवानें रूढ झाली. ही व्यवस्था पहिला कप्पा डोळे मिटून उचलीत नाहीं. तिला 'फॅट' पद्धतीचा विभाग वाचतां येतो. ती ईएफआय नांवाच्या फोल्डरांत, त्यांतल्या बूट नांवाच्या फोल्डरांत जाते, आणि ठराविक नांवाची फाइल उघडते. विभागांचें कोष्टकहि नवें, जीपीटी नांवाचें. त्यांत साधारणतः १२८ विभाग मावतात. मात्र त्या नव्या कोष्टकाच्या आधीं, पहिल्या कप्प्यांत, जुन्या पद्धतीचा एक देखावा मुद्दाम ठेवलेला असतो. जुन्या साधनांनीं डिस्क रिकामी समजून तिच्यावर घाला घालूं नये, एवढाच त्याचा हेतु. नवें घर बांधतांना जुन्या वाटेवर पाटी लावणाऱ्या त्या रचनाकारांचें मला कौतुक वाटतें.

आतां वाचनालयांतलें कोडें उलगडतें. माझा पेन ड्राइव्ह केवळ नव्या रीतीनें तयार झाला होता. पहिल्या कप्प्यांत देखावा होता, पण उठविणारी आज्ञा नव्हती. जुना कप्पा पाहतो, नवा फाइल पाहतो. दोघे एकाच ठिकाणीं पाहत नाहींत, म्हणूनच दोघांचीहि सोय एका वस्तूवर होऊं शकते. पेन ड्राइव्हवर जुनें कोष्टक ठेवावें, फॅट३२ चा एक विभाग करून त्यावर 'चालू' अशी खूण करावी, पहिल्या कप्प्यांत बायॉससाठीं आज्ञा लिहाव्या आणि विभागांत ती ठराविक फाइल ठेवावी. लिनक्सच्या मंडळींनीं तर याहून चतुराई केली. सीडीवरील ती ३२,७६८ बाइटांची पडीक जागा त्यांनीं लागवडीस आणली व तिच्यांत हार्ड डिस्कचा पहिला कप्पा लिहिला. त्यामुळें एकच प्रतिमा सीडीवर कोरली तर सीडी, आणि पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरविली तर हार्ड डिस्क! या कामीं पीटर अॅन्विन यांच्या सिसलिनक्सचा वांटा मोठा आहे.

अडचणी नाहींत असें नाहीं. फॅट३२ मध्यें ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल मावत नाहीं, आणि विंडोजची मुख्य फाइल तेवढी वाढली आहे. मग ती तोडावी तरी लागते, किंवा दुसरा विभाग करावा लागतो. कांहीं यंत्रांचा प्रोसेसर ६४ बिटांचा व यूईएफआय ३२ बिटांचें असतें. त्यांना निराळी फाइल हवी. २०१२ नंतरच्या बहुतेक यंत्रांत फाइलीवर मान्य स्वाक्षरी आहे कीं नाहीं हेंहि पाहिलें जातें. रूफस किंवा २०२० मध्यें आलेलें व्हेंटॉय हीं साधनें हा पुष्कळसा भार उचलतात. पण रूफस 'कोणत्या कोष्टकानें?' असें विचारतो तेव्हां आपण काय उत्तर देतों, यावर सारें अवलंबून असतें. मीं तेथेंच चुकलों होतों.

दुसऱ्या दिवशीं मीं तोच पेन ड्राइव्ह दोन्ही रीतींनीं तयार करून नेला. जुना संगणक कुरकुरत उठला. पाहतों तों त्याच्या डिस्कचा पहिला कप्पाच तेवढा बिघडलेला. बाकी सर्व जागच्या जागीं. दुपारपर्यंत नोंदी नव्या यंत्रावर गेल्या. ग्रंथपालांनीं तो पेन ड्राइव्ह मला परत दिला नाहीं; एका पाकिटांत घालून कपाटांत ठेवला, आणि पाकिटावर शाईनें लिहिलें, 'दोन्ही संगणकांसाठीं'.