राखेतली मुलगी आणि नाव लपवलेला लेखक

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस सिंड्रेलावर काय बोलणार? त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण मी ज्या सिंड्रेलाबद्दल बोलणार आहे ती आपल्या ओळखीची नाही. आपल्याकडे सिंड्रेला म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती डिस्नेची, 1950 सालची. भोपळ्याची बग्गी, काचेचा बूट आणि बाराचे ठोके. आजची सिंड्रेला चेक आहे. तिचं नाव पोपेल्का. चेक भाषेत ‘पोपेल’ म्हणजे राख, त्यावरून हे नाव. 1973 साली चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी या दोन देशांनी मिळून तिच्यावर चित्रपट काढला. ‘सिंड्रेलासाठी तीन हेझलनट’ असं त्याच्या नावाचं सरळ भाषांतर होईल. 2023 मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली आणि मध्य युरोपात त्याचा उत्सव झाला.

‘उत्सव’ हा शब्द मी उगाच वापरत नाही. जर्मनीत नाताळच्या दिवसांत हा चित्रपट अनेक वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा दाखवतात. चेक लोकांचा नाताळ त्याच्याशिवाय होत नाही. नॉर्वेची गोष्ट तर आणखी गमतीची. तिथल्या सरकारी दूरदर्शनवर तो सत्तरच्या दशकापासून 24 डिसेंबरला सकाळी लागतो, आणि तोही कसा, तर क्नुट रिसान नावाचा एकच पुरुष नट राजा, राणी, सावत्र आई, राजपुत्र आणि पोपेल्का या सगळ्यांचे संवाद आपल्या एकट्याच्या आवाजात वाचतो. नॉर्वेजियन लोकांना नीट डबिंग करून घेणं परवडत नाही असं थोडंच आहे! पण त्यांना तोच आवाज हवा असतो. कीर्तनकार एकटाच सगळी पात्रं उभी करतो आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही, तसंच हे.

आता कथेकडे येऊ. ही कथा फार जुनी. नवव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात ती सापडते. इटलीत बासिलेच्या संग्रहात 1634 साली, फ्रान्समध्ये पेरोकडे 1697 साली, जर्मनीत ग्रिम बंधूंकडे 1812 साली. मॅरियन कॉक्स या बाईंनी 1893 साली तिची 345 रूपं गोळा करून छापली. चेक रूप आपल्यापर्यंत आलं ते बोझेना न्येम्त्सोव्हा या लेखिकेमुळे. या बाईंबद्दल दोन मिनिटं बोलायला हवं. जन्म 1820, मृत्यू 1862; म्हणजे आयुष्य एक्केचाळीस वर्षांचं. ऑस्ट्रियाचं साम्राज्य, जर्मन ही प्रतिष्ठेची भाषा, चेक ही स्वयंपाकघरातली आणि शेतावरची. अशा वेळी त्यांनी खेड्यापाड्यांतल्या कथा ऐकून चेकमध्ये लिहिल्या. 1848 च्या उठावानंतर नवऱ्याच्या मागे सरकारी ससेमिरा लागला, बदल्यांवर बदल्या झाल्या, घरावर पोलिसांची नजर. 1853 साली मुलगा गेला. त्या दुःखात असताना त्यांनी ‘बाबिच्का’, म्हणजे ‘आजी’, ही कादंबरी लिहिली. शेवट हलाखीत झाला. आज त्यांचं चित्र पाचशे क्राउनच्या चेक नोटेवर आहे. जिवंतपणी त्यांना पैशाची ददात पडली आणि मेल्यावर त्या नोटेवर आल्या, यावर मी काही बोलत नाही.

त्यांच्या कथेतले हेझलनट चित्रपटात आले. इथे परी नाही, हे लक्षात घ्या. घरचा वृद्ध गडी व्हिन्सेक गावाला निघताना पोपेल्काला वचन देतो, की वाटेत जे पहिल्यांदा माझ्या नाकावर आदळेल ते तुझ्यासाठी आणीन. राजपुत्र आणि त्याचे उनाड मित्र बाण मारतात, पक्ष्याचं घरटं गाडीत पेंगणाऱ्या व्हिन्सेकवर पडतं, आणि त्यात ते तीन हेझलनट. योगायोगच म्हणायचा. एकातून शिकाऱ्याचा पोशाख निघतो, दुसऱ्यातून नृत्याचा, तिसऱ्यातून लग्नाचा. पण घोड्यावर बसणं आणि नेम धरणं तिचं स्वतःचं आहे, ते कुठल्या कवचातून निघालेलं नाही. शिकाऱ्याच्या वेशात ती राजपुत्राच्या डोळ्यांदेखत नेमबाजी जिंकते आणि त्याला वाटतं हा कुणी पोरगा आहे.

नृत्याच्या रात्री राजपुत्र तिला सांगतो की मी तुझी निवड केली. तेव्हा ती विचारते, की मला काय हवं ते विचारायचं तू विसरलास का? नंतर ती त्याला एक कोडं घालते. राखेनं तोंड माखलेली, शिकाऱ्याच्या वेशातली आणि रुपेरी झग्यातली अशा तीन रूपांत त्यानं जिला पाहिलं ती कोण? त्याला उत्तर येत नाही. म्हणून ती निघून जाते. या चित्रपटात बाराचे ठोके पडतच नाहीत! मला ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेरोच्या कथेत घड्याळ तिला पळवतं. इथे ती जाते, कारण समोरच्या माणसानं तिला तीन वेळा पाहिलं आणि एकदाही ओळखलं नाही. पाहणं आणि ओळखणं यांतलं अंतर वर्गात समजावताना आमची दमछाक व्हायची. दोरीवर साप, शिंपल्यावर चांदी, हीच उदाहरणं आम्ही वर्षानुवर्षं देत आलो. हेही द्यायला हरकत नव्हती.

आता पडद्यामागची गोष्ट. आजच्या व्याख्यानाचं खरं कारण तीच आहे.

1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. डुब्चेकचा ‘मानवी चेहऱ्याचा समाजवाद’ संपला. पुढच्या वर्षी हुसाक सत्तेवर आले आणि ज्याला तिथे ‘सामान्यीकरण’ म्हणतात तो काळ सुरू झाला. शब्द किती निरुपद्रवी वाटतो! प्रत्यक्षात लाखो माणसं पक्षातून काढली गेली, प्राध्यापक आणि पत्रकार नोकऱ्यांतून गेले. यान पातोच्का हे त्या देशातले मोठे तत्त्वज्ञ, हुसर्लचे विद्यार्थी. त्यांना 1972 मध्ये विद्यापीठातून सक्तीनं निवृत्त केलं. अशांतच फ्रांतिशेक पाव्हलिचेक होते. प्रागच्या विनोह्राडी नाट्यगृहाचे संचालक, नाटककार, ‘मार्केटा लाझारोव्हा’ या गाजलेल्या चित्रपटाचे सहलेखक. त्यांच्यावर बंदी आली. बंदी म्हणजे काही लिहिलं तरी नाव छापायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत.

आपल्या चित्रपटाची पटकथा त्यांनी लिहिली. ती स्टुडिओत गेली बोहुमिला झेलेंकोव्हा या पटकथालेखिकेच्या नावावर. त्यांनी आपलं नाव उसनं दिलं. पकडल्या गेल्या असत्या तर त्यांचीही नोकरी गेली असती. दिग्दर्शक वात्सलाव व्होर्लिचेक यांना खरा लेखक ठाऊक होता, स्टुडिओतल्या आणखी काहींनाही. सगळे गप्प बसले. ही बातमी लोकांना उघडपणे कळली ती 1989 मध्ये ती राजवट गेल्यावर. म्हणजे सोळा वर्षं अख्खा देश ज्या माणसाचे संवाद पाठ म्हणत होता त्याचं नाव त्या देशाला माहीत नव्हतं.

लोककथेला लेखक नसतो असं आपण म्हणतो. ती सगळ्यांची असते. पण नाव नसणं आणि नाव पुसणं यांत फार मोठा फरक आहे. ज्या आजीनं न्येम्त्सोव्हाबाईंना ही गोष्ट सांगितली असेल तिचं नाव कुणी पुसलं नाही. ते लिहून ठेवावं असं कुणाला वाटलंच नाही, इतकंच. पाव्हलिचेक यांचं नाव मात्र एका कचेरीत बसून यादीतून काढलं गेलं. आणि कथा कुठली? तर आपल्याच बापाच्या वाड्यात मोलकरीण होऊन राहणाऱ्या मुलीची. आता या रूपकावर फार भार टाकू नये हे मला कळतं. सावत्र आई म्हणजे सोव्हिएत संघ, असं म्हणणारे आहेत. मला ते ओढूनताणून वाटतं. सावत्र आई ही सावत्र आईच आहे, आणि कॅरोला ब्राउनबॉक यांनी ती झकास केली आहे.

चित्रीकरणाच्या गमती पुष्कळ आहेत, दोन सांगतो. मूळ बेत उन्हाळ्याचा होता. जर्मन स्टुडिओच्या लोकांना हिवाळ्यात काम कमी असायचं, म्हणून त्यांनी हिवाळा सुचवला, आणि व्होर्लिचेक यांना ब्रूगेलची बर्फातली चित्रं डोळ्यांसमोर दिसली. पण 1972-73 च्या त्या हिवाळ्यात ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्ग किल्ल्याशी बर्फ पडेना. मग खोटा बर्फ करायला माशांची भुकटी वापरली. पडद्यावर ज्या पांढऱ्याशुभ्र वाटेवर प्रेम चाललंय तिथे सुक्या मासळीचा वास दरवळत होता! दुसरी गंमत राजपुत्राची. पावेल त्राव्नीचेक यांच्या बोलण्यात मोराव्हियाकडचा हेल होता, म्हणून त्यांचा आवाज दुसऱ्या नटानं दिला. लिबुशे शाफ्रान्कोव्हा तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांच्या. त्या 2021 मध्ये गेल्या. पोशाख थिओडोर पिश्तेक यांचे. पुढे ‘अमेडियस’साठी त्यांना ऑस्कर मिळालं.

आता एक अवघड मुद्दा, तो टाळला तर हे नुसतं गोड व्याख्यान होईल. अशा परीकथा हव्याच होत्या कुणाला? त्या राजवटीलाही हव्या होत्या. 1975 मध्ये व्हात्स्लाव हावेल यांनी हुसाकना उघडं पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही लोकांना भीतीनं घरात ढकललंय; ते आपल्या संसारात रमले म्हणजे सुखी आहेत असं समजू नका. मग नाताळात सगळं कुटुंब दूरदर्शनसमोर बसून पोपेल्का पाहतं, ते याच मुकाट संसाराचं चित्र नव्हे का? काही अंशी आहे. मी ते नाकारणार नाही. पण गुंगीचं औषध घेऊन झोपणारी माणसं एक आणि वादळात घराची कवाडं लावून पोरांना गोष्ट सांगणारी माणसं वेगळी. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात. त्या गोष्टीत एक मुलगी राजपुत्राला ‘मला विचारलंस का?’ असं म्हणते, आणि ते वाक्य लिहिणारा माणूस स्वतः विचारला न गेलेल्यांपैकी आहे. माझं मत पाव्हलिचेक यांच्या बाजूचं आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्यांचं पुढे काय झालं? 1977 च्या जानेवारीत ‘चार्टर 77’ प्रसिद्ध झाली. त्यांनी सही केली. पातोच्का तिच्या पहिल्या प्रवक्त्यांपैकी एक. लागोपाठच्या पोलीस चौकशांनंतर ते मार्चमध्ये रुग्णालयात वारले. ऑक्टोबरमध्ये पाव्हलिचेक यांच्यावर हावेल आणि आणखी दोघांबरोबर खटला चालला. बंदी असलेलं लिखाण देशाबाहेर पाठवल्याचा आरोप. त्यांना सतरा महिन्यांची शिक्षा झाली, ती तहकूब ठेवली गेली. दोन महिन्यांनी नाताळ आला आणि घराघरांत लोक त्यांची पोपेल्का पाहायला बसले. ते 2004 मध्ये वारले.

मोरित्सबुर्गच्या ज्या पायरीवर तिचा बूट राहिला तिथे आज धातूचा बूट बसवला आहे. दर हिवाळ्यात प्रदर्शन भरतं आणि लोक त्यात पाय घालून पाहतात. कुणाचा बसतो, कुणाचा नाही.

असो. मी बराच वेळ घेतला. चित्रपट दीड तासाच्या आतला आहे, भाषा चेक आणि खाली इंग्रजी पट्ट्या. प्रश्न नंतर घेऊ. मागचे दिवे घालवा, आणि कृपा करून सुरुवातीची नावं पडद्यावर येत असताना बोलू नका.