चेतक, आकुर्डी आणि स्मरणरंजन

१६८८ मध्ये बासेल येथे योहानेस होफर या तरुणाने वैद्यकाच्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना जडणारी घराची ओढ त्याच्या लेखी चक्क व्याधी होती. मराठीने तिला ‘स्मरणरंजन’ म्हटले. ‘रञ्ज्’ या धातूचा मूळ अर्थ रंगणे असा आहे, हे ध्यानात ठेवून आकुर्डीला येऊ.

इटलीच्या पिआज्जिओशी करार करून बजाजने १९६० च्या दशकारंभी येथे व्हेस्पा स्कूटर बनवण्यास आरंभ केला. करार संपल्यावर १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली.

आज चेतक म्हटले की काय आठवते? पुढे उभे राहिलेले मूल, मागे आई, आणि स्कूटर कलती करून मारलेली किक. जे आठवत नाही ते असे : परवाना-राज्यात किती गाड्या बनवायच्या, हे सरकार ठरवी. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे, कधी दहा-दहा वर्षे, थांबावे लागे. परकीय चलन मोजणाऱ्याला मात्र गाडी लवकर मिळे! ‘हमारा बजाज’ ही जाहिरात १९८९ ची. त्यातल्या ‘हमारा’मध्ये ही रांग कुठेच नाही.

२००७ मध्ये आकुर्डीतील वाहननिर्मिती थांबली. कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटरचा व्यवसायच सोडण्याचे जाहीर केले.

दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, चेतक परतली. विजेवर चालणारी, ना गिअर ना किक. जुने उरले होते ते नाव, आणि थोडा डौल. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा उघडलेली नोंदणी दोन दिवसांत बंद करावी लागली. रांगही परतली म्हणायची! जून २०२२ मध्ये आकुर्डीच्या त्याच आवारात नव्या चेतकचा कारखाना सुरू झाला.

माझ्या मते येथे दोन स्मृती आहेत. ग्राहकाच्या स्मृतीला बाजारभाव आहे, म्हणून ती रंगवून पुन्हा विकता आली. पाळी सुटताना फाटकातून बाहेर पडणाऱ्या सायकलींची, डब्यांची, बंद पडलेल्या जुळणी-साखळीची स्मृती विकत घ्यायला कोण येणार? ती आकुर्डी-चिंचवडच्या घरांत निवृत्त माणसांपाशी आहे. तुमच्या घरी असे कुणी असेल, तर त्यांना कामाचा पहिला दिवस विचारा आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा.