बेचव मूत्राचा रोग

मधुमेह हा शब्द आज घरोघरी परिचित आहे. परंतु लघवीत साखरेचा लवलेशही नसता रोगी दिवसाकाठी दहा-पंधरा लिटर पाणी पितो आणि जवळजवळ तितकेच बाहेर टाकतो, असाही एक विकार आहे, हे फारसे कोणाच्या गावी नसते. युरोपात दोहोंना 'डायबेटीस' हे एकच नाव पडले. १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने रोग्याच्या मूत्राची गोडी नमूद केली; पुढे १७९४ मध्ये योहान पेटर फ्रांक याने बेचव मूत्राचा रोग निराळा काढून दाखविला. 'इन्सिपिडस' म्हणजे बेचव. चरकाने कफज प्रमेहांत उदकमेह गणला आहे खरा. पण तो हाच, असे छातीठोकपणे म्हणणे धाडसाचे होईल.

नाव मिळाले, उपाय मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ मिळाला नाही. तो अखेर सापडला मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत. गंमत अशी की, १९०१ मध्ये मॅग्नस व शेफर यांना प्राण्यांवरील प्रयोगांत या ग्रंथीच्या अर्काने मूत्र वाढलेलेच दिसले होते! १९१३ मध्ये इटलीत फारिनी व जर्मनीत फोन डेन व्हेल्डेन यांनी स्वतंत्रपणे रोग्यांना तिच्या मागील भागाचा अर्क टोचला, तो लघवी उतरली आणि तहान शमली. मूत्रपिंडांना पाणी राखावयास लावणारे द्रव्य येथूनच रक्तात उतरते.

पण अर्काचा गुण काही तासच टिके; पुन्हा सुई आलीच. म्हणून जनावरांच्या ग्रंथीची पूड करून ती तपकिरीप्रमाणे नाकात ओढण्याची रीत निघाली. तपकिरीचा तिटकारा असलेल्यांवरही मोठीच आपत्ती ओढवली असेल! नाकाची आग होई ती वेगळीच. १९५४ मध्ये अमेरिकेत द्यू व्हीन्यो यांनी हे द्रव्य, व्हॅसोप्रेसिन, प्रयोगशाळेत घडविले. दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. १९६७ मध्ये चेकोस्लोव्हाकियात त्याचेच सुधारलेले रूप, डेस्मोप्रेसिन, तयार झाले, आणि पूड मागे पडली.

मूत्रपिंडेच दाद देत नसतील तेथे मात्र हे औषध बहुधा लटके पडते. तशा रोग्यांत मूत्र वाढविणारी थायझाइडे उलट मूत्र कमी करतात, हे क्रॉफर्ड व केनेडी यांनी १९५९ मध्ये दाखविले.

या रोग्याचे पहिले औषध पाणीच. ते रोखले वा डेस्मोप्रेसिन चुकले, तर रक्तातील सोडियम चढून प्राणावर बेतते. नावातील 'डायबेटीस'मुळे साखरेचाच रोग समजून रुग्णालयांत औषध दिले गेले नाही व रोगी दगावले, असेही घडले. म्हणून २०२२ मध्ये अंतःस्रावतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने जुने नाव टाकून 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिनची उणीव' व 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध' अशी दोन नावे सुचविली.