गोरा कोण?

१७९० साली अमेरिकी काँग्रेसने नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. परदेशात जन्मलेल्या ज्या माणसाला नागरिक व्हायचे असेल, तो 'स्वतंत्र गोरा' असला पाहिजे, अशी त्यात अट होती. गोरा म्हणजे कोण, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. आत असणाऱ्यांना त्याची गरज नव्हती. गोरेपण सिद्ध करण्याची पाळी दाराबाहेरच्यांवर आली. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी हे दार उघडले. आशियाई मात्र बाहेरच राहिले.

ताकाओ ओझावा हे जपानमध्ये जन्मलेले गृहस्थ अमेरिकेत शिकले होते. त्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९२२ मध्ये फेटाळला. नुसता त्वचेचा रंग पुरेसा नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी निकालपत्रात लिहिले. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल लागला. पंजाबातून आलेले थिंड पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करात होते. तत्कालीन मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन मानी. तेव्हा ओझावा निकालाच्या आधारेच थिंड जिंकायला हवे होते. पण याही वेळी निकालपत्र लिहिणाऱ्या सदरलंड यांनी शास्त्र बाजूला सारले. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निर्वाळा दिला. सदरलंड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते. स्थलांतरिताच्या या मुलाला आपला वंश कोणत्याही न्यायालयात सिद्ध करावा लागला नव्हता. विशेषाधिकार म्हणतात तो हाच.

निकालानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई त्यांपैकी एक. ब्रिटिश प्रजा म्हणून जगणे नको म्हणून ते अमेरिकन झाले होते. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

या अन्यायाविषयी लिहिताना एक गोष्ट टाळून चालणार नाही. थिंड यांच्या बाजूने मांडलेल्या युक्तिवादात उच्च जातीचा दाखला होता. अमेरिकन माणूस निग्रोकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू भारतातील आदिवासींकडे पाहतो, असे न्यायालयाला सांगण्यात आले. आपणही कोणाला तरी कमी लेखतो, हाच गोरेपणाचा पुरावा म्हणून पुढे केला गेला. कायद्याची अट अन्याय्य आहे, असा हा दावा नव्हता. आम्ही त्या अटीत बसतो, एवढेच म्हणणे होते.

याच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे सोसले, त्याचा तो गौरव होता. फुल्यांनीही जात आणि वंश यांची सांगड घातली, पण ती खालून पाहून. दोन्ही व्यवस्थांमधील साम्य त्यांना दिसले, ते मुक्तीच्या वाटेवर. थिंड यांच्या बाजूने तेच साम्य मांडले गेले, ते प्रवेशपत्रिका म्हणून.

भारतीयांना अमेरिकी नागरिकत्वाचा मार्ग १९४६ मध्ये खुला झाला आणि १९५२ मध्ये वंशाची अटच गेली. आज तेथे सुखाने राहणारे आपले आप्त त्या बदलाचे वारस आहेत. वर्णभेदाविषयी आपण बोलतो तेव्हा फुल्यांच्या जागेवरून बोलतो की त्या युक्तिवादाच्या, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.